लग्नात सरदारजी मित्राला फेटा बांधायचा का?

कृष्णाकाठचा_पोरगा
भावाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, कराडजवळ आमच्या गावातच. त्याच्या पुण्याच्या कंपनीतली मंडळी येणारेत, त्यात एक लुधियानाचा सरदारजी, एक नायजेरियाचं योरुबा जोडपं आणि एक इस्तंबूलचा पोरगा. आमच्याकडं पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय मांडवात घेत नाहीत आणि आजीनं तर सगळ्यांची टॉवेल-टोपी-नारळ आत्ताच काढून ठेवलीय. आता सरदारजीला फेटा बांधायचा कुठं, पगडीवरनं का? आणि नाही बांधला तर एकट्यालाच वगळलं असं वाटायचं त्याला. बाकीच्यांचं पण सांगा राव, कुणाला काय चालतं.

सांगलीची_सूनबाई
माझं माहेर नांदेडचं, हजूर साहिबच्या आसपासच वाढलेय, म्हणून सांगते. पगडीवरनं फेटा नको, आणि काढायला तर चेष्टेत पण सांगू नका. १६९९ ला आनंदपूरला गुरू गोबिंदसिंगांनी खालसा पंथ उभा केला तेव्हापासून न कापलेले केस आणि त्यावर दस्तार म्हणजे पगडी हे त्यांच्या धर्माचंच अंग आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडीवाल्या शिखांना हेल्मेटची सूट आहे ती काय उगाच नाही. मान द्यायचाय ना, मग फेट्याचंच कापड नीट घडी घालून त्याच्या गळ्यात घाला. गुरुद्वारात सरोपा म्हणजे मानाचं कापड असंच देतात, त्याला न सांगता कळेल. आजींना म्हणावं त्याच्या ताटातली टोपी तेवढी काढा, टॉवेल नारळ राहू दे. आणि फेट्यांचा रंग आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा, पंजाबी लग्नात सगळे एका रंगाच्या पगड्या बांधतात, तो पण मॅचिंग बांधून येईल बघा.

माणदेशी_गडी
इस्तंबूलच्या पोराला बिनधास्त बांध. त्यांच्याकडं डोक्यावरनं केवढं रामायण झालंय, १८२० च्या दशकात सुलतान दुसऱ्या महमूदनं फौजेची आणि सरकारी लोकांची पागोटी उतरवून फेज घालायला लावली, ती लाल गोंड्याची टोपी, आणि लोकांना तिची सवय होऊन ती आपलीच वाटायला लागली तवर १९२५ ला केमाल पाशानं कायदा करून तीच बंद केली, हॅट घाला म्हणाला. दंगे झाले, काहींना फाशी पण झाली. तेव्हा कुणी हौशीनं फेज घालून त्याच्यासोबत सेल्फी काढायला जाऊ नका, त्याला ते जादूगाराचं सोंग वाटेल.
जाता जाता, सहारातल्या तुआरेग लोकांत बाप्ये तोंड झाकतात आणि बायका उघड्या तोंडानं फिरतात. निळीनं रंगवलेलं कापड, त्याचा रंग अंगाला लागतो. आमच्या आबाला सांगितलं तर म्हणला, वारं-धुरळा असला की मी पण पटक्याचा शेव तोंडावर घेतोच की. मेंढरामागं असताना त्याच पटक्याची रात्री उशी व्हायची आणि विहिरीला दोर कमी पडला तर पटकाच बांधायचा त्याला.

मिरजेचे_काका
नायजेरियाच्या बाईंना पण फेटा बांधणार का? हे बायकांना फेटे हल्लीचं फॅड आहे. आमच्या वेळी डोक्यावर पदर होता.

सांगलीची_सूनबाई
काका, पाडव्याच्या रॅलीत बुलेटवर पदर थांबत नाही, फेटा थांबतो 😄

लेगॉसवाला_पाटील
कामानिमित्त लेगॉसला होतो तिथली लग्नं पाहिलीत. त्या वहिनी स्वतःचं 'गेले' बांधूनच येतील, म्हणजे तिथल्या बायका डोक्याला बांधतात ते कडक कापड, चुण्या घालून असं उंच उभं करतात की मागच्या रांगेला नवरा-नवरी दिसत नाहीत. तेव्हा फेटा त्यांच्या हातात द्या, डोक्याला हात लावू नका. त्या वहिनींचा नवरा 'फिला' घालेल, कापडी टोपी असते, एका बाजूला कलती. विचारा, काढून फेटा बांधून घेईल हौसेनं. त्यांच्यात पण लग्नाला अख्खं घराणं एकाच कापडाचे कपडे शिवतं, त्यामुळं फेट्याचं कापड आधी पाठवलंत तर वहिनी त्याचंच 'गेले' करतील, बघा विचारून.

कृष्णाकाठचा_पोरगा
आजी म्हणती टोपी काढली तर जोड मोडतो, मग शेला देते. आता रंग ठरवायचा, केशरी का गुलाबी. आणि शिवलेले आणू का बांधायचे?

विट्याचा_फेटेवाला
रेडिमेड अजिबात नको, जेवायच्या पंगतीतच टोपलीसारखे निघून येतात. सुती आण, खळ असलेलं, नायलॉनचा तुरा उभा राहत नाही. गुलाबीच घे, केशरी सगळीकडं झालंय. मुहूर्त साडेबाराचा असेल तर दहालाच बसवायला लागतंय, आणि शेमला धरायला एक पोरगं दे हाताखाली. डोकी किती आहेत?