‘त्याला काही सांगू नका’ असे नातेवाईक म्हणाले, तर दुभाष्याने काय करावे?

किनाऱ्यावरचा दुभाषी, मालवण
भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून मी गेल्या वर्षापासून सिंधुदुर्गात काम करतो. मागच्या आठवड्यात ट्रॉलरवर खलाशी असलेल्या एका कर्णबधिर गृहस्थांबरोबर मी रुग्णालयात गेलो होतो. मानेवरच्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला होता. आम्ही बसताच त्यांचे थोरले भाऊ डॉक्टरांना म्हणाले, ‘‘तेका काय सांगू नकात, तो भियातलो.’’ डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले आणि माझे हात आपोआप मांडीवर आले. गृहस्थांनी भुवया उंचावून विचारले, ‘‘दादा काय म्हणाला?’’ मी खूण केली, ‘‘काही नाही.’’ ते क्षणभर माझ्या हातांकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी जेटीवर मासळीच्या लिलावात त्यांच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, अहवालाविषयी विचारले. ‘मला सांगता येणार नाही’ एवढेच मी म्हणालो, तर ते रागावले. या दोन्ही वेळी मी योग्य वागलो का?

रत्नागिरीची दुभाषी
तांडेलांना नकार दिलात हे योग्यच झाले. मात्र गाव लहान असले की नुसत्या नकाराचीही बातमी होते, म्हणून पुढच्या वेळी ‘त्यांनाच विचारा’ म्हणावे. तुम्ही कोणाबरोबर रुग्णालयात गेला होता, हेसुद्धा गोपनीयच असते. याला ठळक अपवाद बालकावरील लैंगिक अत्याचाराचा. तसे काही समजल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार कळवणे बंधनकारक आहे.

खोलीत मात्र तुमची चूक झाली. आजाराविषयी कधी आणि कसे सांगायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, आपण निदान फोडायचे नसते. पण जे त्या खोलीत बोलले गेले ते गाळण्याचाही अधिकार आपल्याला नाही, कारण ऐकू येणाऱ्या रुग्णाने भावाचे ते वाक्य ऐकलेच असते. मी आत जाताच सर्वांना सांगते की, इथे उच्चारलेला प्रत्येक शब्द माझ्या हातांतून त्यांच्यापर्यंत जाईल आणि त्यांच्या खुणा मी ‘मी’ म्हणूनच बोलेन, ‘तो म्हणतो’ असे म्हणणार नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम १२५नुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराच्या जबाबाचे न्यायालयात चित्रीकरण होते, त्यामुळे तिथे गाळलेले वाक्य पकडता येते. रुग्णालयातील खोलीत आपल्या हातांवर लक्ष ठेवणारे कोणीच नसते, म्हणून तिथे आपली जबाबदारी जास्त.

कर्णबधिर शिक्षिका, चिपळूण
‘काही नाही, नंतर सांगते’ ही खूण मी लहानपणापासून पाहत आले आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारात माझी बहीणच दुभाषी होती. डॉक्टर दहा मिनिटे बोलत आणि माझ्यापर्यंत तीन खुणा पोहोचत: औषध, आराम, बरे. वडील गेले तेव्हा घरात धक्का बसलेली मी एकटीच होते. बहिणीची माया खरी होती, यात मला शंका नाही. पण तुम्ही त्या खोलीत भाऊ म्हणून नव्हे, प्रशिक्षित दुभाषी म्हणून बसला होता. ते खिडकीकडे वळले, म्हणजे काहीतरी लपवले जात आहे हे त्यांना समजलेच होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर त्यांना स्पष्ट सांगा की, ‘मी दादांचे एक वाक्य गाळले आणि ते वाक्य हे होते.’

किनाऱ्यावरचा दुभाषी, मालवण
भेट सोमवारी आहे. सुरुवातीची पाच मिनिटे मला द्यावीत, असा निरोप डॉक्टरांना आजच पाठवला आहे. भावांनाही आधी घरी जाऊन भेटेन, म्हणजे चारचौघांत त्यांना अपमान वाटणार नाही. हे ऐकल्यावर त्या गृहस्थांनी मलाच नको म्हटले, तर?

रत्नागिरीची दुभाषी
तो त्यांचा अधिकार आहे. दुसरा दुभाषी मिळवून द्या. जवळपास कोणी नसेल तर व्हिडिओ कॉलवर मी येईन. फोन आडवा ठेवा आणि खिडकी त्यांच्या पाठीमागे येऊ देऊ नका, नाहीतर त्यांच्या खुणा मला दिसणार नाहीत.