रिख्टरचा शूबर्ट ऐकताना तुमचं काय झालं?

संगीतकार फ्रान्झ शूबर्टची शेवटची पियानो सोनाटा (एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना), बी फ्लॅट मेजर पट्टीतली, त्याच्या रचनांच्या यादीत क्रमांक डी ९६०. सप्टेंबर १८२८ मध्ये त्यानं ती पूर्ण केली आणि १९ नोव्हेंबरला तो गेला. वय ३१. पहिल्या भागावर त्यानं लिहून ठेवलंय 'मोल्तो मोदेरातो', म्हणजे शब्दशः 'अतिशय मध्यम'. आता मध्यमाला अतिशय कसं लावायचं ते ज्याचं त्यानं बघावं. सुरुवातीचा मोठा तुकडा दोनदा वाजवायचा असतो, ती पुनरावृत्ती धरून बरेच वादक हा भाग वीसेक मिनिटांत संपवतात. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरच्या १९७२च्या ध्वनिमुद्रणात त्याला चोवीस मिनिटांच्या वर लागतात. नुसत्या पहिल्या भागाला!

मी पहिल्यांदा लावलं तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन वेग चुकून ०.७५ वर तर नाही ना, हे बघून आले. नव्हता. त्यानंतर काय झालं ते मला अजून धड सांगता येत नाही, म्हणून हा धागा. समीक्षा नको, ऐकताना तुमचं काय झालं तेवढं लिहा. अर्ध्यात बंद केलं असेल तर तेही लिहा.

* * *

अर्ध्यात बंद केलं. दोनदा. तिसऱ्यांदा झोप लागली. प्रामाणिकपणे लिहा म्हणालात म्हणून लिहिलं.

* * *

माझी आठवण त्या खालच्या ट्रिलची (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून वाजवणं). सुरुवातीची धून एक ओळ पुढे जाते, थांबते, आणि पार खालच्या सप्तकात 'जी फ्लॅट' या स्वरावर काहीतरी गुरगुरतं. इतकं हळू की मला वाटलं टेबलावर फोन थरथरला. उचलून पाहिलाही. मग पुन्हा शांतता, आणि धून जणू काही झालंच नाही अशी परत सुरू. रिख्टर त्या शांततेत इतका वेळ थांबतो की, आता हा उठून जातो की काय असं वाटतं.

फोनच्या स्पीकरवर ती ट्रिल बहुतेक ऐकूच येत नाही, बरं का. हेडफोन लावा. नाहीतर अर्धी गंमत गेली.

* * *

मी पियानो शिकते (वय विचारू नका, उशिरा सुरू केलंय). हे ऐकून डोक्यात वेड शिरलं की पहिलं पान याच लयीत वाजवून बघू. संथ आहे, म्हणजे सोपं असणार!

तीन ओळींत घाम फुटला. पियानोचा स्वर उमटला की लगेच विझायला लागतो. व्हायोलिनसारखा तो मागून भरता येत नाही. लय बरी असेल तर पहिला स्वर विझायच्या आत दुसरा येतो आणि कानाला ओळ सलग वाटते. रिख्टरच्या लयीत दोन स्वरांमध्ये खड्डाच पडतो. मग आधीच्या स्वराचा आवाज किती उरलाय ते ऐकायचं आणि पुढचा बेतानं तेवढाच लावायचा. जरा जास्त दाबला की धून गेली आणि उरले सुटे ठोके. शिवाय वर धून गात असताना त्याच हातात मधले छोटे स्वर चालू असतात, त्यांनी डोकं वर काढायचं नाही. आणि हे सगळं अगदी हलक्या आवाजात!

शिकवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता हेच जरा लवकर वाजव, तुझी लाज राहील." तेव्हापासून त्याचं ध्वनिमुद्रण ऐकताना मला धून कमी आणि त्याचे कान जास्त ऐकू येतात.

* * *

वरचा प्रतिसाद फार आवडला. मला ऐकताना विलंबित ख्याल आठवला. घाई नाही, प्रत्येक स्वराला त्याची जागा.

* * *

विलंबिताशी तुलना मोहाची आहे, पण मला पटत नाही. विलंबितात लय संथ असते कारण गाणाऱ्याला मधल्या जागेत काही करायचं असतं. इथे स्वर लिहून ठेवलेले, मधली जागा रिकामी, आणि रिख्टर ती रिकामीच ठेवतो. मला त्याचीच भीती वाटली. भीती हाच शब्द.

* * *

थोडा विरोधी सूर लावतो. पियानोवादक आर्थर श्नाबेलचं १९३९चं ध्वनिमुद्रण ऐका. जुनं आहे, खरखर आहे, पण धून चालते. माणूस फिरायला निघाल्यासारखी चालते. रिख्टर ऐकताना मला वाटतं की एक फार मोठा कलाकार मला काहीतरी फार मोठं दाखवतोय. श्नाबेलमध्ये दाखवणारा दिसत नाही.

बाकी शेवटच्या भागात रिख्टर काय बहार आणतो! सुरुवातीचा तो एकटा 'जी' स्वर पुन्हा पुन्हा येऊन दार वाजवतो, आणि दर वेळी मला हसू येतं. त्यावर कुणीच बोलत नाही.

* * *

पुनरावृत्तीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल पहिल्या भागातली पुनरावृत्ती गाळायचा, आणि त्याची बाजू तो लिहूनही मांडायचा. पण परत सुरुवातीकडे नेणारे नऊ बार (मात्रांचे छोटे गट) शूबर्टनं वेगळे लिहिलेत, ते गाळले की कायमचे गेले. त्यात तीच खालची ट्रिल येते, या वेळी पूर्ण जोरात. बाकी सगळ्या भागात ती कुजबुजते, फक्त इथे ओरडते. ब्रेंडेलवर वाढलेल्या मला हे ठाऊकच नव्हतं. रिख्टरच्या ध्वनिमुद्रणात ती आली आणि मी खुर्चीत दचकलो. वीस वर्षं ओळखीच्या घरात नवीन खोली सापडली. अजून रागावलोय, कुणावर ते माहीत नाही.

* * *

शूबर्टच्या त्याच त्या पुनरावृत्तींचा कंटाळा येणाऱ्यांना दिलासा: पियानोवादक ग्लेन गूल्डलाही यायचा. १९५७ साली मॉस्कोत त्यानं रिख्टरकडून हीच सोनाटा ऐकली आणि संमोहित झाल्यासारखा बसून राहिला. हे त्यानंच पुढे सांगितलंय.

* * *

आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघंही तोंड फिरवून बसलेले. तिनं आधीच लावून ठेवलेलं हे सुरू होतं, बंद करायला कोण उठणार? चोवीस मिनिटं कुणी बोललं नाही, पण दहाएक मिनिटांनंतर तो अबोला राहिला नव्हता, आम्ही ऐकत होतो. मग दुसरा भाग. डावा हात उजव्यावरून ओलांडून वर एक स्वर ठेवून येतो, परत खाली, परत वर. तिनं डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

संपल्यावर भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. पण आवाज जरा खाली होता.

* * *

मी तो झोपलेला. हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. ट्रिल ऐकू आली, असं वाटतंय. फोनही टेबलावरच होता, म्हणून तो दुसऱ्या खोलीत ठेवून परत लावतोय.