शाखेतील दोन पिढ्या आणि पासवर्डचा प्रश्न

प्रश्न : शाखा व्यवस्थापक, मराठवाडा

नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या गावातील शाखेत व्यवस्थापक आहे. आमच्याकडे निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेले काही कर्मचारी आहेत, आणि बाकीचे बहुतेक सर्व तिशीच्या आतबाहेरचे, आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या सामाईक परीक्षेतून आलेले आहेत. नवी मुले ग्राहकाकडे मान वर करून पाहत नाहीत आणि वेळ झाली की निघून जातात, असे ज्येष्ठ म्हणतात. संगणकावरचे किचकट काम आमच्याच माथी येते आणि पगार मात्र त्यांचा जास्त, असे तरुण म्हणतात.

मला खरी काळजी वेगळीच आहे. एक ज्येष्ठ सहकारी स्वतःचा पासवर्ड शेजारच्या मुलीला देऊन आपले काम तिच्याकडून करून घेतात आणि वडीलधाऱ्या माणसाला नाही कसे म्हणायचे म्हणून ती ते करते. नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा वेगळा असावा, हा नियम त्यामुळे नावापुरता उरला आहे. लेखी समज दिली तर इतकी वर्षे प्रामाणिकपणे राबलेला माणूस दुखावेल. न दिली तर उद्या एखादी चुकीची नोंद निघाल्यावर त्या मुलीची नोकरी पणाला लागेल. काय करावे?

उत्तर : निवृत्त हेड कॅशियर, सोलापूर

पासवर्डची देवघेव आजच थांबवा. तेथे वयाचा मुलाहिजा ठेवू नये. मात्र ती का सुरू झाली, हेही समजून घ्यावे.

आम्ही लेजरमध्ये हाताने नोंदी करत आणि रोजची तेरीज, म्हणजे दिवसभराच्या जमाखर्चाची बेरीज, जुळेपर्यंत थांबत नोकरी केली. पुढे १९८३, १९८७ आणि १९९३ साली कर्मचारी संघटनांशी संगणकीकरणाचे करार झाले, नवी भरती आटत गेली, आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमधून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. मोठ्या भरतीला पुन्हा जोर आला तो २०१० च्या आसपास. म्हणजे शाखेत मधली पिढी जवळजवळ नाहीच. आमच्या वेळी शिकवणारा पाच-सात वर्षांनीच मोठा असे, त्याला कोणताही प्रश्न संकोच न करता विचारता येई. आता अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने पंचवीस वर्षांच्या मुलीकडून, समोर ग्राहकांची रांग असताना, शिकायचे आहे. त्यापेक्षा पासवर्ड देऊन मोकळे होणे त्याला सोपे वाटते. काउंटर बंद झाल्यावर त्यांना आतल्या संगणकावर बसवा आणि रोज एकच व्यवहार शिकवा : आज एनईएफटी, म्हणजे दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणे, उद्या मुदत ठेवीचे नूतनीकरण. सर्वांदेखत मात्र शिकवू नका.

उत्तर : अधिकारी, २०१४ ची तुकडी

काकांचे म्हणणे पटते, पण तरुणांची बाजूही मांडली पाहिजे. ज्येष्ठ सहकारी ‘बँकेने आम्हाला सगळे दिले’ असे म्हणतात, तेव्हा ते खरेच असते. मात्र १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना १९९५ च्या विनियमांनुसारचे ठरलेले पेन्शन नाही, आम्ही एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहोत आणि म्हातारपणी हाती काय येईल हे बाजारावर ठरणार आहे. त्याच टेबलावर, त्याच कामासाठी अटी वेगळ्या असताना निष्ठेची तुलना करणे आम्हाला अन्यायाचे वाटते. शिवाय, मान वर न करणाऱ्यांपैकी कितीजण परराज्यातून आलेले अधिकारी आहेत, हे पाहावे. समोरच्या शेतकऱ्याची भाषा नीट कळत नसेल, तर माणूस पडद्यामागे लपतो. त्याला उर्मटपणा समजले जाते.

कामवाटप लेखी करावे, असे मी सुचवेन. पीककर्जाच्या दिवसांत सात-बारावरचा बोजा आणि वाटणी झालेल्या कुटुंबातील खातेदार कोण, हे आमच्या शाखेतील ज्येष्ठ लिपिक कागद पाहताच सांगत, आणि त्यांच्या शेजारी बसूनच मी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, वाचायला शिकलो. ते काम अधिकृतपणे त्यांच्या नावावर आले, तेव्हा ‘सगळे आम्हीच करतो’ ही तरुणांची तक्रारही पुष्कळ कमी झाली.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लेखी कामवाटप या आठवड्यातच करतो. पासवर्डबाबत मात्र अजून अडतो आहे : त्या एका सहकाऱ्याला पत्र द्यावे का?

उत्तर : निवृत्त हेड कॅशियर, सोलापूर

आधी त्यांना केबिनमध्ये बोलावून एकट्याशी बोला, आणि त्याच दिवशी संपूर्ण शाखेसाठी एकच कार्यालयीन आदेश काढून सर्वांच्या, म्हणजे तुमच्याही, सह्या घ्या. पासवर्ड सर्वांनीच बदलावेत. त्या मुलीलाही वेगळे बोलवा आणि यापुढे कोणी पासवर्ड देऊ केला तर ‘साहेबांनी मनाई केली आहे’ असे तुमचे नाव पुढे करून सांगायला सांगा; नकाराचा भार तिने एकटीने उचलू नये. एवढे करूनही प्रकार चालू राहिला, तर पत्र द्या, आणि संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधीला ते आधी कळवा.