ओईटी रीडिंगचा पार्ट सी काही निघून नाही राहिला, मी पण अडकली आणि माझी चिनी पार्टनर पण

नाईट_ड्युटी_नागपूर

नमस्कार सगळ्यांना. मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे, नर्सिंगचं जीएनएम झालंय, शाळा पूर्ण मराठी मीडियम, ती पण काटोल साइडची. यूकेसाठी ओईटी (हॉस्पिटलवाल्यांची इंग्लिशची परीक्षा) देऊन राहिली. स्पीकिंग ठीक आहे, लिसनिंग मॉकमध्ये 350 च्या वर येते, रायटिंगला एनएमसीला (तिकडची नर्सिंग कौन्सिल) 300 चालते म्हणून त्याचं एवढं टेन्शन नाही, पण रीडिंग काही केल्या 350 ला टेकत नाही. पार्ट ए आणि बी निघून जाते हो, पार्ट सी मध्ये सगळी वाट लागते. उतारा वाचताना वाटतं समजला, मग चार ऑप्शन पाहिले की त्यातले दोन तरी बरोबरच वाटतात आणि मी नेमका नको तोच टिक करते.

बर्डीच्या क्लासमध्ये एकच सांगतात, व्होकॅब वाढवा, शब्द पाठ करा. वही भरली, मार्क तिथंच.

आता गंमत ऐका. ऑनलाइन प्रॅक्टिस ग्रुपमध्ये मला जी पार्टनर मिळाली ती चीनमधल्या चेंगदूची डॉक्टर आहे. तिला अमेरिकेला जायचंय, त्यांना ईसीएफएमजीसाठी (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना तिथं लागणारं सर्टिफिकेट) ओईटी मेडिसिन द्यावी लागते, पण रीडिंगचा पेपर डॉक्टर, नर्स, फिजिओ, फार्मसी सगळ्या बाराही प्रोफेशनला एकच असतो म्हणून आमचं जमते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तर मी ड्युटीहून येऊन चहा घेते तोवर तिची दुपार होऊन जाते. तिचं ग्रामर माझ्यापेक्षा लय पक्कं, शब्दांचं तर विचारूच नका, तरी पार्ट सी मध्ये ती पण तिथंच आपटते जिथं मी आपटते. म्हणजे हा शब्दांचा प्रश्न नाहीच ना? मग प्रॅक्टिस नेमकी करायची कशाची, कोणी नीट सांगेल का?

---

बँकवाले_सर

ताई, रोज हितवाद वाचा. 1911 पासूनचा आपल्या नागपूरचा इंग्लिश पेपर आहे, गोखल्यांच्या सोसायटीनं काढलेला, एडिटोरियल पेज घ्यायचं, घड्याळ लावायचं आणि वाचून झालं की तीन ओळीत सारांश लिहायचा. माझी बँक पीओची पोरं हेच करतात. स्पीड वाढला की निम्मं काम होते. कॉम्प्रिहेन्शन कॉम्प्रिहेन्शन असते, परीक्षा कोणतीही असो.

---

लीड्सकर_सिस्टर

सर, रागावू नका, पण ओईटीला हे अर्धंच कामी येते. तिथं निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि विषय सगळा हॉस्पिटलचा. एडिटोरियल वाचून पार्ट सी ला थोडी मदत होईल, बी ला काहीच नाही.

ताई, तुझं ए आणि बी निघते म्हणतेस, पण किती वेळात निघते ते सांग ना आधी. पार्ट ए चं बरं असतं, वीस प्रश्न, पंधरा मिनिटं, ती संपली की ते बंद, परत जाता येत नाही, त्यामुळे सगळे तिथं धावतातच. (तिथं स्पेलिंग चुकलं की मार्क गेला, हे पण लक्षात ठेव. शब्द उताऱ्यातूनच उचलायचा असतो तर पाहून लिहायला काय जाते.) खरा घोळ नंतरच्या पंचेचाळीस मिनिटांत. बी आणि सी चा वेळ एकत्र असतो, कोणी वाटून देत नाही. बी मध्ये सहा छोटे उतारे, शंभर दीडशे शब्दांचे, प्रत्येकाला एकच प्रश्न, आणि लोक त्यातच वीस वीस मिनिटं घालवतात. मग सी चे दोन उतारे, आठशे आठशे शब्दांचे, सोळा प्रश्न, त्याला उरते काय? धापा टाकत वाचलं की दोन ऑप्शन सारखेच दिसणार ना बाई.

बी साठी तुझ्याकडं फुकटचं मटेरियल पडलंय. तुमचं हॉस्पिटल एनएबीएच (क्वालिटीचं सर्टिफिकेट) वालं असेल तर नर्सिंग स्टेशनच्या कपाटात इन्फेक्शन कंट्रोलचं मॅन्युअल असेलच, जे इन्स्पेक्शन आलं की सगळे शोधतात आणि एरवी कोणी उघडत नाही. ते उघड. पार्ट बी मध्ये असलेच कागद येतात, पॉलिसी, मेमो, मशिनची सूचना, गाइडलाइनचा तुकडा. एक पॅरा वाच आणि स्वतःला विचार की हा कागद कोणासाठी काढलाय आणि त्याला काय करायला सांगतोय. कोणासाठी हे चुकलं की उत्तर चुकलं. बायोमेडिकल वेस्टच्या नियमांची जी इंग्लिश शीट पिवळ्या लाल डब्यांच्या वर चिकटवलेली असते, तिच्यावर पण प्रश्न काढता येतात. हे झालं की यूकेच्या नाइस या सरकारी संस्थेच्या उपचारांच्या गाइडलाइन्स, साइटवर फुकट आहेत, भाषा पण तीच.

---

चायना_रिटर्न_डॉक्टर

वरच्या सिस्टरनं वेळेचं बरोबर सांगितलं, मी तुमच्या चिनी पार्टनरवर येतो कारण मी एमबीबीएस तिकडूनच केलंय आणि आमच्या लायब्ररीत ही सगळी मंडळी शेजारीच बसलेली असायची.

पहिली गोष्ट, चिनी पोरं इंग्लिश वाचनात कच्ची नसतात. कॉलेजात सीईटी-4 आणि सीईटी-6 देतात (आपली इंजिनिअरिंगची सीईटी नाही बरं, कॉलेज इंग्लिशची), मग पीजीच्या एन्ट्रन्सला इंग्लिशचा वेगळा शंभर मार्कांचा पेपर, त्यात चार उताऱ्यांचेच चाळीस मार्क. शब्दांची यादी ए पासून पाठ करायला घेतात, बऱ्याच पुस्तकांत पहिला शब्द 'अबँडन' (म्हणजे सोडून देणे) असतो आणि पुष्कळ जण तिथंच सोडून देतात, हा त्यांच्याकडचा जुना जोक आहे. पण मेडिकल ते शिकतात चिनीतून, आजारांची नावं सुद्धा त्यांची स्वतःची. म्हणून तिला शब्द पाठ करावेच लागतात. तुमचं तसं नाही ना ताई, तुम्ही कॅथेटर, सक्शन, सॅच्युरेशन दिवसभर तोंडानं बोलता. तिचं औषध तुम्ही काऊन घेऊन राहिल्या?

दुसरी गोष्ट, तुम्ही दोघी एकाच जागी का अडकता. हे वाक्य पाहा: 'द नर्स हू असेस्ड द पेशंट आफ्टर द सर्जन लेफ्ट नोटेड अ ड्रॉप इन ब्लड प्रेशर.' आपण मराठीत म्हणू, सर्जन गेल्यावर पेशंटला तपासणाऱ्या नर्सला बीपी कमी झालेलं दिसलं. म्हणजे नर्सबद्दल जे काय सांगायचं ते सगळं नर्सच्या आधी येऊन जाते. चिनीत पण असंच, माणसाचं सगळं वर्णन आधी, माणूस शेवटी. इंग्लिशमध्ये माणूस आधी येऊन उभा राहतो आणि त्याचं शेपूट मागून येत राहते, आणि 'नोटेड' येईपर्यंत आपण विसरलेलो असतो की नोट कोण करून राहिलं. दोन शेपटं एकात एक आली की खेळ खलास. तिकडं याची वेगळी प्रॅक्टिस घेतात, लांब अवघड वाक्यांची. एकेक वाक्य घ्यायचं, मेन क्रियापद शोधायचं, त्याचा कर्ता शोधायचा, बाकी सगळं पेन्सिलनं कंसात टाकायचं. रोज पाच सहा वाक्यं बस्स. उतारे ढिगानं सोडवण्यापेक्षा हे केलं तर वाचताना मागं जाणं आपोआप कमी होते.

आणि तिसरी, जी पार्ट सी ची खरी मेख आहे. सी मध्ये बरेच प्रश्न माहितीवर नसतातच, लेखकाचं म्हणणं काय किंवा त्यानं ज्याचं नाव घेतलंय त्या डॉक्टरचं म्हणणं काय, यावर असतात. आपण नर्स डॉक्टर लोक तिथं आपलं ज्ञान लावतो. ऑप्शन वाचून वाटतं, हे तर खरंच आहे, आयसीयूत मी रोज पाहते. खरं असेल हो, पण त्या पॅऱ्यात लिहिलंय का? म्हणून मॉक झाल्यावर बरोबर उत्तर किती आले हे मोजू नका, प्रत्येक चुकीच्या ऑप्शनसमोर एक कारण लिहा. पॅऱ्यात नाहीच. आहे पण दुसऱ्या कोणाचं मत आहे. आहे पण 'ऑलवेज', 'ओन्ली' घालून फुगवलंय. आहे पण बाजूच्या पॅऱ्यात आहे. चुका बहुतेक यातच बसतात, आणि आपली आवडती चूक कोणती ते पटकन दिसते.

पार्टनर सोडू नका मात्र. तिनं तिचं कारण लिहायचं, तुम्ही तुमचं, मग भांडायचं.

---

बँकवाले_सर

चला, कंसाचं मी पण पोरांना सांगतो. हितवाद मात्र सोडू नका.

---

नाईट_ड्युटी_नागपूर

थँक्यू सगळ्यांना, मनापासून. लीड्सकर ताई, वेळ लावून पाहिला तर बी लाच माझी अर्धी वेळ जाऊन राहिली होती, बाप्पा. मॅन्युअल पण काढलं, इन्चार्ज सिस्टर विचारून राहिल्या इन्स्पेक्शन आहे का म्हणून.

कारणं लिहायला आम्ही दोघींनी सुरुवात केली. पण एका प्रश्नावर भांडण मिटलं नाही ते इथं टाकते. पॅरा हात धुण्यावर होता. आधी लिहिलंय की वॉर्डात पोस्टर लावली की स्टाफ जास्त हात धुतो असं बऱ्याच मॅनेजर लोकांना वाटते, आणि तसं वाटणं साहजिकही आहे. मग लिहिलंय की सुरुवातीला फरक पडला तरी तो टिकेलच असं नाही, आणि सॅनिटायझर बेडच्या हाताशी नसेल तर भिंतीवरची सूचना काय करणार. प्रश्न, लेखकाला पोस्टरबद्दल काय वाटते. मी 'पोस्टरचा काहीच उपयोग नाही' घेतलं, तिनं 'पोस्टर ही चांगली सुरुवात आहे' घेतलं, आणि उत्तर होतं 'पोस्टरवर फार भिस्त ठेवली जाते'. पॅऱ्यात भिस्तबिस्त कुठंच नाही हो!

---

चायना_रिटर्न_डॉक्टर

शब्द नाही, पण म्हणणं आहे. 'काहीच उपयोग नाही' हे फुगवलेलं झालं, कारण सुरुवातीला फरक पडला हे तो स्वतःच मान्य करतो. तुमच्या पार्टनरनं अर्धा पॅरा पकडला, 'साहजिक आहे' इथं थांबली. पण ते मॅनेजर लोकांबद्दल लिहिलंय, त्यांना असं वाटणं साहजिक आहे एवढंच, लेखकाला स्वतःला ते पटलंय असं कुठं आहे? असा माणूस आधी समोरच्याला खुर्ची देतो आणि मग त्याचंच म्हणणं खोडतो. आता मॅनेजरला वाटते पोस्टरनं काम होते, लेखक म्हणतो फरक टिकेल याची खात्री नाही आणि सॅनिटायझर जवळ नसेल तर तेवढ्यानं भागत नाही. दोन्ही जोडा, भिस्त जास्त हेच निघते.

तिला विचारा, 'हाऊएव्हर' आलं होतं का मध्ये? नसेलच. पार्ट सी मध्ये बरेचदा तो शब्द घालत नाहीत, वळण तसंच घेतात.

---

नाईट_ड्युटी_नागपूर

नव्हता! 'येट' पण नव्हता. तिला पाठवते हे, दुपारच्या ओपीडीत असेल आता.