म्युलरला विसरू नका

मेस्सीचे ८ आणि रोनाल्डोचे ५ बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) मोजून थोर कोण ते ठरवणं नेहमी चालतं. मला हे मोजमाप पटत नाही, आणि त्याचं कारण पश्चिम जर्मनीचा स्ट्रायकर गेर्ड म्युलर.

१९७२ या एका वर्षात त्याने ८५ गोल केले. शिवाय पश्चिम जर्मनीने युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकली, अंतिम सामन्यातले तीनपैकी दोन गोल त्याचे. तरी त्या वर्षीचा बॅलन डी'ऑर गेला त्याच्याच संघातल्या बेकेनबाउरकडे! म्युलरच्या नावावर १९७० चा एकच राहिला. ८५ चा आकडा मात्र टिकला थेट २०१२ पर्यंत, मेस्सीने ९१ गोल करेपर्यंत.

१९७४ च्या विश्वचषक फायनलमधला त्याचा गोल जरूर बघा. सहकारी बोनहोफचा पास पायाला लागून मागे जातो. दुसरा कुणीही हळहळत बसला असता. हा पठ्ठ्या दोन पावलं मागे येतो, गर्रकन वळतो आणि चेंडू जमिनीलगत कोपऱ्यात. गोलकीपर जागचा हलत नाही.

बुंडेसलिगातला (जर्मनीची अव्वल लीग) एका मोसमात ४० गोलांचा त्याचा विक्रम पोलंडच्या लेवांडोव्स्कीने २०२१ मध्ये गाठला, तेव्हा जर्सी वर करून आतल्या बनियनवरचा म्युलरचा फोटो सगळ्यांना दाखवला. मला अजून भरून येतं ते आठवून. पुढच्याच सामन्यात, ९० व्या मिनिटाला, ४१ वा गोल. म्युलर त्याच ऑगस्टमध्ये गेला.