पुदुच्चेरीच्या जुन्या सेमिनरीचं छत: कडीपाटाची पद्धत चालेल का?

प्रश्न (सातारा)
पुदुच्चेरीतल्या फ्रेंच अमलातल्या एका कॅथलिक सेमिनरीच्या (पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या) मोजणीला आमची तुकडी जाते आहे. आपल्याकडच्या कडीपाटात कड्यांवर फळ्या असतात; फोटोत मात्र फळ्या नाहीत, तिरक्या विटा दिसतात. मग कडीपाटाची पद्धत इथे चालेल का? एका खोलीत छत गळतंय. खाली मीटरभर सिमेंटचा गिलावा असूनही भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलाय. ठेकेदार छतावर ५० मिमी सिमेंटचा कोबा (सपाट थर) सुचवतोय. करावा का?

उत्तर १ (कराड)
कृपया करू देऊ नका. हा कडीपाट नाही, हे 'मद्रास टेरेस' आहे. सागवानी कड्यांवर इंचभर जाडीच्या लहान विटा उभ्या, कोपऱ्यापासून तिरक्या ओळींत चुन्यात बसवतात. नवी ओळ आधीच्या ओळीला चिकटून राहते, म्हणून खालून फळ्यांचा आधार लागत नाही. त्यावर वीटतुकडे आणि चुन्याचा ठोकलेला कोबा, वर चपट्या विटांचे थर. ५० मिमी काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला १२० किलो जादा भार, आणि ओल आत कोंडून लाकूड कुजतं ते वेगळंच.

आधी कड्यांची भिंतीत गेलेली टोकं बघा. कुजणं तिथूनच सुरू होतं. टोच्या (टोकदार हत्यार) सहज रुतला तर पहिलं काम टेकू देण्याचं. मग पन्हळी साफ करा, उतार मोजा. बहुतेक गळती भिंत आणि गच्चीच्या सांध्यातून असते.

उत्तर २ (मिरज)
लोणा सिमेंटमुळेच वाढलाय. जमिनीतली ओल गिलाव्यातून बाहेर पडू शकत नाही, मग वर चढते, आणि क्षारांचे स्फटिक विटेचा पापुद्रा उडवतात. छिन्नी आडवी धरून सिमेंट काढा, दरजा (विटांमधले सांधे) २० मिमी खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलेत तर ते परत आत शिरतात. उरलेल्यांसाठी ओल्या कागदाचा लगदा थापायचा आणि वाळला की काढायचा, असं दोन-तीनदा.

मग पंधरा दिवस तरी विरवलेला (पाण्यात मुरवलेला) चुना १, सुरखी (विटांची पूड) १, गोड्या पाण्याची चाळलेली वाळू २. समुद्राची वाळू नकोच. एक थर १२ मिमीपेक्षा जाड नको, आणि सात दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. भर उन्हात काम केलं तर गिलावा तडकतो.

प्रश्नकर्ता
भिंती सतराव्या शतकातल्या असतील का?

उत्तर १
अवघड आहे. १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर पाडलं, १७६५ नंतर पुन्हा बांधलं. तिथलं पेती सेमिनेर (छोटी सेमिनरी) तर १८४४ चं. जोत्याच्या विटांची मापं वरच्या विटांपेक्षा वेगळी निघाली, तर जोतं आधीचं असू शकतं; नकाशात तो भाग वेगळ्या रंगाने दाखवा.