मदत हवी आहे: उल्हास नदीच्या काठाने एकटीने दिवसभर चालायचं आहे

नमस्कार मंडळी. मी दादरला राहते. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरून उल्हासच्या काठाकाठाने बदलापूरपर्यंत चालत यायचा विचार आहे. रुळांवरून हे अंतर 18-20 किलोमीटर आहे. नदीच्या वळणांनी बरंच वाढेल. सोबत कुणी नसेल, आणि मला ते तसंच हवंय. वर्षभर गर्दीत उभ्याने प्रवास केल्यावर एक दिवस फक्त पाण्याचा आवाज ऐकावासा वाटतो.

काठाने सलग पायवाट आहे का, की मध्येच फार्महाऊसची कुंपणं आडवी येतात? शेतांच्या बांधावरून गेलं तर गावकऱ्यांना चालतं का? पोशीर नदी जिथे उल्हासला मिळते तिथे पलीकडे जायला पूल कुठे आहे?

सगळ्यात जास्त काळजी पाण्याची वाटते. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी उल्हासमध्ये येतं, म्हणूनच ती उन्हाळ्यातही वाहती असते. पण मग पात्रातल्या दगडांवर बसलेलं असताना पाणी अचानक चढतं का? 2019च्या जुलैत वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस अजून डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे पावसाळ्यात जाणारच नाही.

दमले तर शेलू किंवा वांगणीला लोकल पकडेन. आई मात्र घाबरली आहे. तुमच्यापैकी कुणी, विशेषतः एखादी ताई, या काठाने एकटी चालली असेल तर कृपया सविस्तर सांगा.